सर विल्यम जेम्स वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (१ मे १८६५ – ३ मार्च १९३३) हे कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक व अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे वैद्यकीय कार्यकर्ते होते. मिरज येथील मिशन रुग्णालयाचे ते संस्थापक होत. त्यांच्या सुमारे चार दशकांच्या कार्यामुळे मिरज हे दक्षिण महाराष्ट्रातील शस्त्रक्रियेचे प्रमुख केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले.

जीवन

वानलेस यांचा जन्म कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील चार्ल्सटन या गावी झाला. न्यू यॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून १८८९ मध्ये ते पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. मेरी या प्रशिक्षित परिचारिका होत्या. प्रारंभी या दांपत्याने सांगली येथे दवाखाना चालवला. पुढे त्यांनी मिरज हे कार्यक्षेत्र निवडले. फिलाडेल्फियाचे उद्योजक जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय १८९४ मध्ये तेथे सुरू झाले. १९०६ मध्ये मेरी यांचे निधन झाले. कोल्हापूर येथील मेरी वानलेस रुग्णालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९०७ मध्ये वानलेस यांनी लिलियन हेवन्स यांच्याशी विवाह केला.

शस्त्रक्रिया व रुग्णांचा विश्वास

त्या काळी शस्त्रक्रिया हा रुग्णाच्या दृष्टीने अखेरचा उपाय असे. भूल देण्यासाठी प्रामुख्याने क्लोरोफॉर्म वापरीत. प्रतिजैविके उपलब्ध नव्हती. जखम चिघळल्यास रुग्ण दगावण्याचा धोका मोठा असे. त्यामुळे हत्यारे, हात व मलमपट्टी यांची स्वच्छता आणि शल्यचिकित्सकाचा सराव यांवरच बहुतांशी यश अवलंबून होते. डोळ्यांच्या बाबतीत गावोगाव फिरणारे वैदू मोतीबिंदूचे भिंग सुईने आत ढकलीत. काही काळ दिसू लागले, तरी पुढे डोळा कायमचा गमावण्याचे प्रसंग अनेकदा येत.

शल्यचिकित्सकाची पारख करण्याचे कोणतेही साधन सामान्य माणसाजवळ नव्हते. बरा होऊन गावी परतलेला रुग्ण हाच त्याच्या दृष्टीने पुरावा होता. वानलेस यांची ख्याती मुख्यतः याच मार्गाने पसरली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी ते विशेष प्रसिद्ध होते. सधन रुग्णांकडून शुल्क घ्यावे व गरिबांवर मोफत उपचार करावेत, असे रुग्णालयाचे धोरण होते.

मिरजेचे भौगोलिक स्थानही या कार्यास अनुकूल ठरले. हे गाव पुणे–बेळगाव लोहमार्गावर असून १८९१ मध्ये कोल्हापूरकडे जाणारा फाटाही सुरू झाला. सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या शिरवळ परिसरासाठी त्याच खंडाळा तालुक्यातील लोणंद हे या मार्गावरील स्थानक होते. पूर्वी बैलगाडीने अनेक दिवस लागणारा प्रवास लोहमार्गामुळे आजारी माणसालाही शक्य झाला. रुग्णासोबत नातेवाईक येत व मुक्काम करून त्याची शुश्रूषा करीत. त्यामुळे शस्त्रक्रियेची तयारी म्हणजे केवळ रुग्णाची नव्हे, तर साऱ्या कुटुंबाची तयारी असे.

वैद्यकीय शिक्षण व अन्य कार्य

एका शल्यचिकित्सकाच्या हातांवर विसंबलेले रुग्णालय त्याच्यामागे टिकत नाही. वानलेस यांनी १८९७ मध्ये मिरज येथे वैद्यकीय शाळा सुरू केली. भारतातील ही पहिली मिशनरी वैद्यकीय शाळा मानली जाते. तेथे शिकलेल्या भारतीय तरुणांनी पुढे विविध मिशन रुग्णालयांत काम केले. १९०० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू करण्यात आले. मिरज व सांगली यांच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम स्थापन झाले. त्या परिसराला वानलेसवाडी हे नाव मिळाले.

सन्मान व अखेरची वर्षे

भारतातील कार्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. १९२८ मध्ये ब्रिटिश राजाकडून त्यांना सर हा किताब देण्यात आला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले. भारतातील अनुभवांवर आधारित त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३ मार्च १९३३ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील ग्लेनडेल येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

मिरजेचे रुग्णालय आज वानलेस रुग्णालय या नावाने ओळखले जाते. स्थानिक लोक त्याला मिशन हॉस्पिटल असेही म्हणतात. १९६२ मध्ये मिरज येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा या रुग्णालयाचे सहकार्य त्यास लाभले. पुढील काळात मिरजेत अनेक रुग्णालये उभी राहिली. आजही सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आणि लगतच्या उत्तर कर्नाटकातून रुग्ण उपचारांसाठी मिरजेस येतात.