गुंजन पक्ष्याचे पंख थांबविणारे एजर्टन

आपल्या जुन्या घरांतील दिवाणखान्यांत पणजोबांच्या ज्या तसबिरी टांगलेल्या आहेत, त्यांतील मंडळी इतकी ताठ आणि गंभीर का दिसतात, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. त्या काळच्या काचा मंद होत्या. छायाचित्रकाराने भिंगावरचे झाकण काढले की ते पुन्हा बसेपर्यंत श्वास रोखून निश्चल बसावयाचे. जो हलला तो चित्रात पुसला गेला. चित्र हवे असेल तर माणसाने थांबले पाहिजे, अशी कॅमेऱ्याची अटच होती. ही अट ज्यांनी उलटी फिरविली त्या हॅरॉल्ड एजर्टन यांची ओळख करून द्यावी, असे बरेच दिवस मनात होते. माणसाने, यंत्राने किंवा पक्ष्याने हवे तसे हलावे. थांबविण्याचे काम प्रकाशाकडे सोपवावे, ही त्यांची रीत.

एजर्टन यांचा जन्म ६ एप्रिल १९०३ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात, फ्रीमाँट गावी झाला. बालपण त्याच प्रांतातील ऑरोरा नावाच्या लहानशा गावात गेले. काका छायाचित्रकार असल्यामुळे काच धुणे, छाप काढणे हे शिक्षण घरच्या घरी झाले. सुटीत ते गावच्या वीज कंपनीत काम करीत. या दोन गोष्टींची, म्हणजे कॅमेऱ्याची आणि विजेची, गाठ पुढे जन्मभर सुटली नाही. १९२५ साली नेब्रास्का विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते थोड्याच काळात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत दाखल झाले आणि तेथेच अध्यापक म्हणून रमले.

त्यांचा शोध पक्ष्यांतून निघाला नाही, मोटारींतून निघाला. विजेवर चालणाऱ्या मोठ्या मोटारींवर अचानक भार पडला म्हणजे त्या कशा डगमगतात, याचा ते अभ्यास करीत होते. फिरणारा भाग डोळ्यांना नुसता धूसर दिसे. जवळच पाऱ्याच्या वाफेची एक नळी लुकलुकत होती, आणि तिच्या लुकलुकण्याचा वेग मोटारीच्या वेगाशी जुळला की फिरणारे चक्र जागच्या जागी थांबल्यासारखे दिसे. एजर्टन यांनी हे सूत्र पकडले. वीज साठवून ठेवणाऱ्या कपॅसिटरमधील सगळी शक्ती वायूने भरलेल्या नळीतून एका क्षणात सोडावयाची, की डोळे दिपविणारा पण अत्यंत अल्पजीवी लखलखाट होतो. १९३१ च्या सुमारास हा स्ट्रोबोस्कोप तयार झाला. कॅमेऱ्यावरचा नळीचा फ्लॅश याच कुळातला.

आता पक्ष्याकडे वळू. गुंजन पक्षी फक्त अमेरिका खंडांत आहे. आपल्या बागेत जास्वंदीवर येणाऱ्या इवल्या पाखराला पुष्कळ जण हमिंगबर्ड म्हणतात. तो आपला शिंजीर. मी कित्येक हिवाळे त्याची छायाचित्रे काढण्यात घालविले आहेत. शिंजीर क्षणभर फुलापुढे फडफडतो, पण बहुधा देठावर बसूनच मध पितो, म्हणून तो आम्हा हौशी लोकांच्या हाती लागतो. गुंजन पक्ष्याचे तसे नाही. तो फुलासमोर हवेत उभा राहतो. अमेरिकेच्या पूर्व भागातील लाल गळ्याचा गुंजन पक्षी अवघा तीन ग्रॅमचा आणि पंखांची फडफड सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. पंखाचे टोक सेकंदाला दहाएक मीटर धावते. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते एक सेंटीमीटर सरकते, आणि चित्रात पंखाऐवजी धूर उमटतो. पंखाचे पीस न् पीस दिसावयास सेकंदाचे दहा हजार किंवा त्याहून बारीक तुकडे केले पाहिजेत. इतके चपळ झाकण कोणत्याही कॅमेऱ्याला नव्हते. एजर्टन यांच्या नळीला मात्र ते सहज साधत होते.

१९३६ साली न्यू हॅम्पशायरमधील होल्डरनेस येथे, पक्ष्यांना साखरेचे पाणी पाजणाऱ्या एका पक्षिप्रेमी बाईंच्या बागेत त्यांनी गुंजन पक्ष्यांची चित्रे घेतली. या कामाचे मर्म असे. लखलखाट जितका अल्पकालीन करावा तितका त्यातून मिळणारा प्रकाश थोडा, म्हणून एक दिवा पुरत नाही. दोन-तीन दिवे फुलाच्या अगदी जवळ आणावे लागतात. एक समोरून, म्हणजे गळ्याची झळाळी उजळते; दुसरा बाजूने किंवा मागून, म्हणजे पंखांची कड उठते; आणि एखादा पाठीमागच्या पडद्यावर, नाही तर दिवसाढवळ्या उडणारा पक्षी काळोख्या रात्री उडाल्यासारखा दिसतो. सगळे दिवे एकाच क्षणी पेटले पाहिजेत, नाही तर एका पंखाचे दोन होतात. फुलावर ऊन असेल तर तेही आपली धूसर छाया मिसळते, म्हणून जागा सावलीची हवी. उरले काम पक्ष्याचे. तो ठरल्या फुलाकडे पुन्हा पुन्हा येतो, हाच छायाचित्रकाराचा आधार.

या चित्रांनी आणि अतिशीघ्र चलच्चित्रांनी पंखांविषयीच्या अटकळींची जागा पुराव्याने भरून काढली. पक्षी मागे उडूच शकत नाही, असे ठासून सांगणारे विद्वान एके काळी होते. चित्रांत दिसले की पंख वरखाली नव्हे, पुढेमागे वल्हवला जातो, मागे जाताना खांद्यापासून उलटा वळतो, आणि दोन्ही फेऱ्यांत पक्ष्याला तोलून धरतो. १९४७ साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकात ही चित्रे आली आणि जगभर गेली. पुढे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट या रासायनिक उद्योगातील बड्या कारभाऱ्याने याच रीतीने दक्षिण अमेरिकेपर्यंत भटकंती करून १९६० साली गुंजन पक्ष्यांवर एक देखणा ग्रंथ प्रसिद्ध केला.

पण एजर्टन यांचे चरित्र केवळ फुलापाखरांचे नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी विमानात बसविता येतील असे प्रचंड दिवे बनविले. जून १९४४ मध्ये दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरण्यापूर्वीच्या रात्री शत्रूच्या हालचालींची चित्रे या दिव्यांनी घेतली गेली. १९४७ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह कंपनी काढली. तिने अणुस्फोटांच्या चाचण्यांसाठी असा कॅमेरा केला की ज्याचे झाकण सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरतेच उघडे. त्या चित्रांतील स्फोटाचा पहिला गोळा मी पाहिला तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही. त्याचे रूप विलक्षण सुंदर आहे, आणि तो काय आहे हे कळल्यावर ते सौंदर्य सोसवत नाही. पक्ष्याचा पंख आणि हा गोळा, दोन्ही एकाच माणसाच्या ध्यासाची फळे. आपण कलावंत नाही, वस्तुस्थिती टिपणारे इंजिनियर आहोत, अशी त्यांची भूमिका होती. मला ती अपुरी वाटते. वस्तुस्थिती दाखविणारा माणूस कशाकडे दिवा रोखतो, यावरही आपण त्याला जोखतो.

त्या मापानेही त्यांच्या पारड्यात पुष्कळ पडते. १९५३ पासून ते झाक कूस्तो यांच्या जहाजावर जाऊ लागले, समुद्रतळाची चित्रे घेण्याची साधने त्यांनी घडविली, आणि खलाशी त्यांना प्रेमाने पापा फ्लॅश म्हणू लागले. दुधाचा थेंब पडताच उठणारा मुकुट त्यांनी १९३० नंतरच्या दशकापासून पुन्हा पुन्हा टिपला. त्याचे प्रसिद्ध रंगीत चित्र १९५७ सालचे. भेटीस येणाऱ्याला ते आपल्या चित्रांची पोस्टकार्डे वाटीत. विद्या लपवून ठेवण्याची त्यांना सवयच नव्हती.

आम्हा बडोदेकरांना येथे एका माणसाची आठवण व्हावी. आपल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतील वाटाण्याचा वेल रोज थोडा थोडा टिपून त्याची वाढ काही क्षणांत पडद्यावर दाखविली होती. फाळक्यांनी दिवसांचे क्षण केले, एजर्टन यांनी क्षणाचे हजारो तुकडे केले. दोघांनीही जे डोळ्यांसमोर असून दिसत नव्हते तेच दाखविले.

४ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, आपल्या संस्थेच्या अध्यापक मंडळाच्या भोजनगृहातच एजर्टन यांचा अंत झाला. ज्या प्रयोगशाळेपुढच्या बोळात ते वावरले, त्याला तेथील लोक स्ट्रोबचा बोळ म्हणतात. येत्या माघात जास्वंद फुलली की शिंजिराच्या वाटेवर मी दोन छोटे दिवे लावून बसणार आहे. हौस असणाऱ्यांनी अवश्य यावे. मात्र घरटे असेल त्या झाडाजवळ दिवा न्यावयाचा नाही, एवढी एक अट.