ध्वनिसंशोधक ग्रॅहॅम बेल

लांबी मीटरने मोजतात, वजन किलोग्रॅमने मोजतात. पण गोंगाट कशाने मोजावयाचा? या प्रश्नाच्या उत्तरात एका थोर संशोधकाचे नाव दडलेले आहे. ते नाव म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. त्यांचे वडील उच्चारशास्त्राचे नामांकित शिक्षक होते. आईला मात्र फारच कमी ऐकू येई. इतर माणसे तिच्याशी मोठ्याने बोलत. बेल मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू व स्पष्ट बोलत. आवाजाच्या कंपनांमुळे तिला मुलाचे बोलणे उमगे. ध्वनी म्हणजे कंपन, हा पहिला धडा बेल यांना असा घरीच मिळाला.

पुढे त्यांचे दोन्ही भाऊ क्षयाने दगावले. १८७० साली उरलेले कुटुंब कॅनडात गेले. दुसऱ्याच वर्षी बेल अमेरिकेतील बॉस्टन शहरी बहिऱ्या मुलांना शिकवू लागले. दिवसा अध्यापन आणि रात्री प्रयोग, असा त्यांचा क्रम असे. १० मार्च १८७६ रोजी त्यांचे शब्द तारेतून दुसऱ्या खोलीतील सहकाऱ्यास स्पष्ट ऐकू गेले. या दूरध्वनीने त्यांना जगभर कीर्ती मिळवून दिली.

परंतु कीर्ती लाभली म्हणून त्यांनी बहिऱ्यांची सेवा सोडली नाही. त्यांची पत्नी मेबल हीदेखील बालपणीच्या आजारात बहिरी झालेली होती. १८७९ साली त्यांनी श्रवणशक्ती मोजणारे विजेचे यंत्र तयार केले. आवाज हळूहळू क्षीण करीत न्यावयाचा आणि तो कोठवर ऐकू येतो ते पाहावयाचे, अशी त्याची रीत होती. वर्गात मंद वाटणाऱ्या मुलास खरोखर कमी ऐकू येते काय, हे त्यामुळे कळू शके.

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील दूरध्वनी एक मिनिट स्तब्ध ठेवण्यात आले. त्यानंतर काही वर्षांनी दूरध्वनीच्या अभियंत्यांनी एका नव्या मापास ‘बेल’ हे नाव दिले. त्याचा दहावा भाग तो डेसिबेल. १९३० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील गोंगाट याच मापाने मोजला गेला.

हे माप साध्या मापांहून निराळे आहे. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. २० वाढले की शंभरपट! साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेलचे असते. ८५ डेसिबेलच्या वरचा आवाज तासन् तास कानी पडत राहिल्यास श्रवणशक्तीस इजा होते. भारतात २००० साली झालेल्या नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. शाळा व रुग्णालये यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती आणखी ५ डेसिबेलने कमी आहे.

ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी बेल आयुष्यभर झटले. ज्यांना ऐकू येते त्यांचे कान राखण्याच्या कामी आज त्यांचे नाव उपयोगी पडत आहे.