निर्मलकुमार बोस : देवळाच्या शिखरापासून तेलाच्या घाण्यापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कलकत्त्यातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला, तेव्हा प्रथम आमच्या मनात सखाराम गणेश देऊस्कर यांचेच नाव आले. मराठी घराण्यात जन्मून बंगालीत 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ साली लिहिणाऱ्या या पुरुषाविषयी येथील प्रत्येक मराठी माणसाला अभिमान आहे. परंतु आपल्या माणसाचा गौरव आपण नेहमीच करतो. यंदा आम्ही मुद्दाम एका बंगाली विद्वानाची निवड केली आहे. महाराष्ट्राशी त्यांचे नाते नव्हते. पण घरापासून दूर, परभाषिकांच्या शेजारी, आपले सण आणि आपली भाषा सांभाळून राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांचा जितका विचार त्यांनी केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. त्यांचे नाव प्रा. निर्मलकुमार बोस. आम्ही काही मानववंशशास्त्राचे पदवीधर नव्हे, बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेले आणि बदल्यांच्या ओघात या नगरीत येऊन पडलेले एक साधे वाचक आहोत. तेव्हा तज्ज्ञांनी उणे-अधिक सांभाळून घ्यावे.

निर्मलबाबूंचा जन्म २२ जानेवारी १९०१ रोजी कलकत्त्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजमधून १९२१ साली भूगर्भशास्त्र हा विषय घेऊन ते बी. एस्सी. झाले. पुढील अभ्यासक्रम सुरू असतानाच असहकाराची हाक आली आणि त्यांनी शिक्षण सोडले. या काळात त्यांचे वास्तव्य पुरीस घडले आणि तेथे ओरिसातील देवळांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. दगड ओळखण्याचे शिक्षण घेतलेला हा तरुण आता घडविलेल्या दगडाकडे पाहू लागला. थर मोजावे, मापे घ्यावी, नकाशा काढावा, ही भूगर्भशास्त्राची शिस्त त्याने देवळास लावली.

परंतु केवळ मापांनी देऊळ समजत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. देवळे कशी बांधावीत याचे नियम सांगणाऱ्या ताडपत्रांवरील पोथ्या ओरिसातील कारागिरांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या होत्या. त्यांतील परिभाषा मात्र कोणत्याही कोशात सापडणारी नव्हती. निर्मलबाबूंनी पोथी हाती घेतली आणि ते परंपरागत शिल्पकारांच्या पायाशी जाऊन बसले. पोथीतला शब्द, कारागिराचे बोट आणि प्रत्यक्ष देवळाचा दगड, या तिहींचा मेळ बसला तरच अर्थ पक्का मानावयाचा, ही त्यांची पद्धत. रेखा देऊळ म्हणजे उंच चढत जाणाऱ्या वक्र शिखराचे, भद्र देऊळ म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळत्या होत जाणाऱ्या छपराचे. आणि देवळाच्या अवयवांना नावे माणसाच्या देहावरून दिलेली, म्हणजे पाय, मांडी, धड, मान, मस्तक अशी. हे सारे त्यांनी १९३२ साली 'कॅनन्स ऑफ ओरिसन आर्किटेक्चर' या ग्रंथात मांडले. तत्पूर्वी १९२६ साली कोणार्कविषयी त्यांचे बंगाली पुस्तक निघाले होतेच. पंडित, शिल्पी आणि शास्त्रज्ञ असे तिघे एरवी एकमेकांच्या उंबऱ्याशी जात नसत. येथे ते एकाच पंक्तीस बसले.

सर आशुतोष मुखर्जींच्या प्रोत्साहनाने निर्मलबाबू कलकत्ता विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकू लागले आणि १९२५ साली एम. एस्सी. झाले. प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो होळीचा, म्हणजे वसंतोत्सवाचा. कोकणात शिमगा, बंगालात दोल, उत्तरेत होरी. नावे वेगळी, कोठे अग्नी, कोठे रंग, कोठे झोपाळ्यावरील कृष्ण. कोणता धागा कोठून आला आणि कोठे कशात गुंफला गेला, याचा शोध घेण्याचा तो यत्न होता. सण म्हणजे एकसंध वस्तू नसून अनेक काळांचे थर त्यात एकावर एक बसलेले असतात, ही दृष्टी त्यांना भूगर्भशास्त्रानेच दिली असावी, असे आम्हांस वाटते.

पुढे ते ओरिसाच्या अरण्यप्रदेशात जुआंग जमातीत जाऊन राहिले. तेथे त्यांना दिसले ते असे. जंगलावरील जुना हक्क आटत चालला, तसे जुआंग बांबूच्या टोपल्या विणून शेजारच्या खेड्यांत विकू लागले. आणि त्या व्यवहाराबरोबर हिंदूंच्या चालीरीती व देवतांची नावेही त्यांच्या पूजेत शिरू लागली. कोणी धर्मोपदेशक तेथे गेला नव्हता. पोटाच्या मार्गाने संस्कृती आत आली होती. या निरीक्षणावरून त्यांनी १९४१ साली एक निबंध वाचला. आदिवासी हिंदू समाजात कसे सामावले गेले, याचे विवेचन त्यात आहे. जातिव्यवस्थेने प्रत्येक गटास एक व्यवसाय राखून दिला, त्यात परक्याने स्पर्धा करावयाची नाही असा दंडक घातला, आणि त्या सुरक्षिततेच्या ओढीने अनेक जमाती आपण होऊन त्या चौकटीत आल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. हाच विचार त्यांनी १९४९ साली 'हिंदू समाजेर गडन' या बंगाली ग्रंथात विस्ताराने मांडला. आंद्रे बेतेय यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९७५ साली प्रसिद्ध झाले.

येथे आम्हांस थोडे थांबणे अगत्याचे वाटते. फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला हा विचार जसाच्या तसा पचणे कठीण आहे. पोटाची हमी मिळाली खरी, पण ती कोणत्या किमतीला? टोपली विणणाऱ्यास भाकरी मिळाली, पण पाणवठा मिळाला काय? निर्मलबाबूंना विषमता दिसत नव्हती असे मुळीच नाही; त्यांनी ती नमूद केली आहे. तथापि व्यवस्था टिकली कशी, या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष अधिक, आणि तिने कोणाला चिरडले, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी, असे आम्हांस प्रामाणिकपणे म्हणावे लागते. थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याची मर्यादा झाकणे हा त्याचा सन्मान नव्हे.

विद्वत्तेच्या कोशात स्वतःस गुरफटून घेण्याचा त्यांचा पिंड नव्हता. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू होताच ते त्यात उतरले व तुरुंगात गेले. १९३४ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांनी वर्ध्यास जाऊन गांधीजींची भेट घेतली आणि राज्यसत्ता व विश्वस्तवृत्ती यांविषयी त्यांना खोलवर प्रश्न विचारले. त्याच वर्षी गांधीजींच्या लेखनातील वेच्यांचे त्यांनी केलेले संकलन प्रसिद्ध झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांना पुन्हा कारावास घडला. पुढे १९४६ च्या नोव्हेंबरात दंगलीने होरपळलेल्या नोआखालीत गांधीजी गेले, तेव्हा दुभाषी, चिटणीस आणि बंगाली भाषेचा शिक्षक अशा तिहेरी नात्याने निर्मलबाबू त्यांच्याबरोबर होते. सत्याहत्तर वर्षांचा तो महापुरुष रोज नेमाने बंगाली अक्षरे गिरवीत असे. परप्रांतात येऊन वर्षानुवर्षे राहूनही बंगाली लिपी न शिकलेल्या आमच्यासारख्यांनी येथे मान खाली घालावी.

तथापि भक्तीसाठी त्यांनी आपली बुद्धी गहाण टाकली नाही. गांधीजींचे ब्रह्मचर्यविषयक प्रयोग त्यांना पटले नाहीत. त्यांनी आपला मतभेद स्पष्टपणे सांगितला आणि १९४७ च्या मार्चमध्ये ते त्या कामातून दूर झाले. 'माय डेज विथ गांधी' या १९५३ सालच्या पुस्तकात त्यांनी हे सारे न लपविता लिहिले. आदर तसूभरही कमी न होऊ देता सत्य सांगता येते, याचा तो एक नमुना आहे.

विद्यापीठात मानवी भूगोलाचे अध्यापन केल्यानंतर १९५९ साली ते भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. सरकारी कचेरी कशी चालते हे आम्ही उभ्या नोकरीत पाहिले आहे; म्हणूनच त्यांनी तेथे जे घडवून आणले त्याचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. त्यांनी देशातील ३०० हून अधिक जिल्ह्यांतील खेड्यांत आपले संशोधक धाडले. विचारावयाच्या गोष्टी अगदी साध्या होत्या. गावाची वस्ती दाट की विखुरलेली? घराचे छप्पर कसे? नांगराचा आकार कोणता? तेल कशाचे खातात आणि घाणा कसा असतो? धान्य कशात कांडतात? पायात काय घालतात? बैलगाडीचे चाक कसे? ही सर्व माहिती नकाशांवर उतरवून १९६१ साली 'पेझंट लाइफ इन इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध करण्यात आला.

त्यातून निघालेला निष्कर्ष मोठा उद्बोधक होता. नांगराची, घाण्याची किंवा छपराची सीमा भाषेच्या सीमेशी जुळत नाही! याचा पडताळा आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात मिळेल. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर कोकणातले. भात, मासळी आणि नारळ यांवर वाढलेल्या त्यांना बंगालचे ताट दोन दिवसांत आपले वाटले. मोहरीच्या तेलाचा वास तेवढा अंगवळणी पडावयास वेळ लागला. आम्ही मात्र देशावरचे, ज्वारीची भाकरी आणि करडईचे तेल यांवर पोसलेले. आमची भाषा एक, पण ताट वेगळे. निर्मलबाबूंनी भारतीय ऐक्यास पिरॅमिडची उपमा दिली. तळाशी, म्हणजे रोजच्या भौतिक जीवनात, विविधता उदंड; जसजसे वर, समाजरचना, श्रद्धा आणि विचार यांकडे जावे, तसतसे साम्य वाढत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या सुमारास आपल्याकडे डॉ. इरावती कर्वे अशीच पायपीट करून नातेसंबंधांचा आणि समाजरचनेचा अभ्यास करीत होत्या. दोघांनीही इंग्रजीत शास्त्र लिहिले आणि त्याच तोलाने मातृभाषेतही लिहिले, हे त्यांच्यातील साम्य आम्हांस फार मोलाचे वाटते. निर्मलबाबूंच्या बंगाली प्रवासलेखांचा 'परिव्राजकेर डायरी' हा संग्रह सामान्य वाचकासाठीच होता. १९५१ पासून अखेरपर्यंत त्यांनी 'मॅन इन इंडिया' या नियतकालिकाचे संपादन केले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६७ ते १९७० या काळात ते अनुसूचित जाती व जमातींचे आयुक्त होते. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले.

त्यांचे आणखी एक काम आम्ही मुद्दाम शेवटी ठेविले आहे, कारण ते थेट आपल्याविषयी आहे. साठीच्या दशकात त्यांनी कलकत्ता शहराची वॉर्डवार सामाजिक पाहणी केली; तिचा ग्रंथ १९६८ साली निघाला. कोणत्या भाषेचे, कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्याचे लोक कोठे राहतात, त्यांच्या संस्था कोणत्या, हे सारे त्यांनी तपासले. खेड्यांत ऐक्याचे धागे शोधणाऱ्या या माणसाला स्वतःच्या जन्मनगरीत मात्र उलट चित्र दिसले. शेजारी शेजारी राहणारे समाज एकमेकांत मिसळत नव्हते. उद्योगधंद्यांच्या पायापेक्षा शहर अवाढव्य वाढले होते, काम कमी आणि हात अधिक होते. त्यामुळे प्रत्येक गट आपली वस्ती, आपला धंदा आणि आपल्या संस्था घट्ट धरून बसला होता. जुन्या जातिव्यवस्थेतील सुरक्षिततेची ओढ महानगरात नव्या वेषात वावरत होती.

हे वाचून आम्ही अंतर्मुख झालो. आपले मंडळ तरी याहून निराळे काय आहे? नव्याने बदलून आलेल्या कुटुंबास घर शोधून देणे, आजारपणात धावून जाणे, गणेशोत्सवात मुलांकडून मराठी नाटुकले बसवून घेणे, हे आपण ५० वर्षे केले आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परक्या गावी माणसाला आधार लागतोच. परंतु तो आधार भिंत होऊन बसला काय, हा प्रश्न निर्मलबाबू आपणांस विचारीत आहेत. आपली किती मुले कुमारटुलीत जाऊन मूर्तिकारांची गवतावर माती चढविण्याची कला पाहून आली? कोलकात्याच्या दुर्गापूजेस २०२१ साली युनेस्कोच्या वारसा-यादीत स्थान मिळाले, तेव्हा तो आनंद आपलाही आहे असे आपणांस वाटले, की शेजाऱ्यांच्या घरचे कार्य म्हणून आपण दुरून पाहिले?

मुले मराठी विसरतील ही चिंता आम्हांसही ग्रासते. आमच्याच घरात ती उत्तरे बंगालीमिश्रित हिंदीत देतात. पण निर्मलबाबूंच्या चरित्रातून एक धीर मिळतो. होळी असो वा देऊळ, कोणतीही परंपरा बंद पेटीत टिकलेली नाही. देत-घेत, थरावर थर चढवीतच ती जगली. जे कारागिराच्या बोटांत जिवंत होते तेच पोथीतही समजले. ज्याचा हात सुटला ते निव्वळ ताडपत्र राहिले. मराठी मुलांच्या जिभेवर राहावयाची तर ती रोजच्या बोलण्यात, गाण्यात आणि स्वयंपाकघरात राहिली पाहिजे. आणि तिच्या शेजारी बंगालीलाही पाट मांडावा, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

सुवर्णमहोत्सवानंतरच्या पहिल्या वर्षी मंडळाने सभासदांसाठी बंगाली लिपीचा एक वर्ग सुरू करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिल्या बाकावर, वयाची पन्नाशी उलटली असली तरी, आम्ही स्वतः येऊन बसू. मंडळाच्या पुढील वाटचालीस आमच्या हार्दिक शुभेच्छा!