इन्सुलिननंतरचे बेस्ट

इन्सुलिन म्हटले की बँटिंग आणि बेस्ट ही जोडी आठवते. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटोत काम सुरू झाले तेव्हा चार्ल्स बेस्ट अवघ्या २२ वर्षांचे होते, डॉक्टरही झालेले नव्हते. १९२३च्या नोबेलमधून ते वगळले गेले आणि बँटिंग यांनी आपल्या रकमेतला निम्मा वाटा त्यांना दिला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांचे पुढचे, यकृतावरचे काम जास्त मोलाचे वाटते.

स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्सुलिनवर जगू लागली, पण काही काळाने तीही दगावत. रक्तातली साखर आटोक्यात असे. यकृत मात्र चरबीने भरून गेलेले. खाण्यात कच्चे स्वादुपिंड घातले की ती तगत. म्हणजे इन्सुलिनखेरीज आणखी काहीतरी कमी पडत होते. टोरांटोतच हर्शी यांनी लेसिथिन देऊन पाहिले आणि गुण आला. बेस्ट १९२९मध्ये मॅक्लिऑड यांच्या जागी शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख झाले होते. त्यांनी सहकाऱ्यांसह उंदरांवर प्रयोग केले आणि १९३२मध्ये दाखवले, की लेसिथिनमधला कामाचा भाग कोलीन हा आहे.

गंमत अशी, की लेसिथिन हाही स्निग्ध पदार्थच. यकृत आपली चरबी बारीक कणांत बांधून रक्तात पाठवते. त्या कणांच्या वेष्टनाला लेसिथिन लागते. कोलीन नसेल तर वेष्टन अपुरे, आणि माल गोदामातच पडून.

हा साठा नुसता पडून राहत नाही, हे बऱ्याच नंतर कळले. इन्सुलिन यकृताच्या पेशीला बाहेरून निरोप देते: साखर बनवणे थांबव. चरबीने लादलेल्या पेशीत डायअसिलग्लिसेरॉल नावाचा स्निग्ध रेणू वाढतो, त्याने प्रोटीन कायनेज सी हे विकर जागे होते आणि निरोप दाराशीच अडतो, असे याचे एक महत्त्वाचे स्पष्टीकरण आहे. रक्तात इन्सुलिन भरपूर, तरी यकृत साखर सोडतच राहते. गरजेपेक्षा जास्त खाताना तूप, लोणी, पामतेल यांतली संपृक्त चरबी अधिक असेल, तर असंपृक्त तेलांच्या तुलनेत यकृतात चरबी जास्त साठते.

हे वाचून कोणी कोलीनच्या गोळ्या आणायला धावू नये. आपल्याकडच्या बहुतेक ‘फॅटी लिव्हर’चे मूळ वाढलेले वजन, मधुमेह किंवा दारू यांत असते, कोलीनची कमतरता हे कारण क्वचितच.

बेस्ट ३१ मार्च १९७८ रोजी टोरांटोतच वारले. ज्या इन्सुलिनने त्यांना नाव दिले त्याचाच निरोप यकृतातली चरबी अडवते, हा दुवा त्यांच्या हयातीत उलगडला नव्हता.