अंगणात गेलेली शाळा

सातपाटीच्या किनाऱ्याला बोटी लागतात, पापलेटच्या पाट्या भरतात आणि बायका बाजाराची वाट धरतात. मागे घरात उरतात म्हातारी माणसे आणि लहान पोरे. त्या पोरांना सकाळी सांभाळणारी, हात धुवायला लावणारी, वजन करून वहीत नोंद ठेवणारी जागा म्हणजे अंगणवाडी. हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे, की तो कुणाला तरी सुचला असेल, त्यामागे कुणाचे तरी आयुष्य खर्ची पडले असेल, हे आपल्या मनातही येत नाही. ते आयुष्य ताराबाई मोडक यांचे. आणि या शब्दाचे घर सातपाटीपासून दूर नाही. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या पालघर जिल्ह्यातच, डहाणू तालुक्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ते आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. घरचे वळण प्रार्थना समाजाचे. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या कृष्णराव मोडक या वकिलांशी विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. त्या काळी विभक्त झालेल्या बाईला समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे वेगळे सांगायला नको. ताराबाईंनी मुलीला घेऊन राजकोट गाठले आणि तिथल्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची नोकरी होती. ती सोडून १९२३ च्या सुमारास त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्यानंतर काही वर्षांनी ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरला शिशुविहार उभे राहिले.

इथवरची गोष्ट एका कर्तबगार शिक्षणतज्ज्ञ बाईची. एव्हाना नाव झाले होते, मान होता. पण बालशिक्षण शहरातल्या सुखवस्तू घरांपुरते उरले होते, आणि त्याचे एक कारण साधे होते : पैसा. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीची साधने महाग. चकचकीत लाकडी ठोकळे आणि दट्टे खेड्यातल्या शाळेने आणायचे कुठून? आणि साधने नाहीत म्हणून खेड्यातल्या मुलाचे बालपण वाया घालवायचे का?

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. याच वर्षी या भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. ज्या पाड्यांवर पोटाचाच प्रश्न होता, तिथे ताराबाई बालशाळा काढायला निघाल्या होत्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या, पुढची सारी वर्षे सावलीसारख्या.

बालवाडी निघाली, पण वस्तीवरची मुले तिथे येईनात. आई कामावर, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी, मग शाळेत येणार कोण? ताराबाईंनी प्रश्न उलटा केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाच्या अंगणात जायचे. त्यातून अंगणवाडी जन्माला आली. पहिला धडा अक्षरांचा नव्हताच. नाक पुसणे, हात-तोंड धुणे, नखे कापणे, केस विंचरणे हाच तो धडा. आणि हे सारे घराच्या दारात चालत असल्याने शिकणारे एकटे मूल नव्हते. आजी पाहत होती, आई पाहत होती. आरोग्याचे व्याख्यान न देता आरोग्य शिकवण्याची ही रीत होती.

साधनांचा खर्च त्यांनी जवळजवळ पुसून टाकला. शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या यांवर मुले मोजू लागली, आकार ओळखू लागली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणातच जाई. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी निघाली. बहिणीच्या कडेवरचे मूल पाळणाघरात निजले, की बहीण वर्गात बसू शकत असे.

मात्र एका बाबतीत ताराबाईंनी काटकसर केली नाही, ती म्हणजे माणूस घडवण्यात. बालसेविकांचे प्रशिक्षण हा त्यांच्या कामाचा कणा होता. शिंपले फुकट मिळतात. पण त्या शिंपल्यांतून शिकवणारी, तापाने फणफणलेले मूल ओळखणारी, आईला दुखावू न देता दोन गोष्टी सांगणारी बाई फुकट मिळत नाही.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातल्या ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. केंद्राला नाव दिले अंगणवाडी. योजनेच्या सहा सेवांपैकी एक होती पोषण व आरोग्य शिक्षण. कोसबाडचा शब्द देशभर गेला.

शब्द गेला, पण हिशेब उलटा झाला. सेविकेचे काम सेवाभावाचे मानले गेले आणि तिला पगाराऐवजी मानधन आले : मॅट्रिक झालेलीला महिना १५० रुपये, न झालेलीला १००. २०१८ साली केंद्राने हे मानधन ३,००० वरून ४,५०० केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे ठरायला २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. खेड्यांच्या आरोग्य शिक्षणावर खर्च म्हटले की इमारत, भित्तिपत्रके, वजनकाटे आठवतात. जिच्यामुळे हे सारे चालते, तिचा आकडा मात्र शेवटी येतो.

सातपाटीसारख्या गावात हे चटकन कळते. साठवलेल्या पाण्याची काळजी, पावसाळ्यातले जुलाब, सुकत घातलेल्या मासळीवरच्या माश्या, बर्फ आणि दोरखंडांच्या पसाऱ्यात खेळणारी पोरे : हे सारे बाजाराला निघालेल्या बाईला सांगायचे कुणी आणि कधी? सभा बोलावली तर ती येणार नाही, कारण तिचा दिवस मासळीच्या वेळेवर चालतो. तिच्या दारात जाणारी, तिच्या ओळखीची, तिची भाषा बोलणारी बाईच ते सांगू शकते. हा शोध ताराबाईंनी याच जिल्ह्यात लावला. शिंपल्यांवर शाळा चालते हे त्यांनी दाखवले, ते सरकारने लगेच उचलले. माणसावर खर्च करावा लागतो हेही त्यांनी दाखवले होते. ते उचलायला इतकी वर्षे का लागावीत?