विश्लेषण : काळविटामागे रायफल की चित्ता? शाहू महाराजांनी काय निवडले?
राजर्षी शाहू महाराज म्हटले की १९०२ चे ५० टक्के आरक्षण आठवते. त्यांच्यातला कसलेला शिकारी मात्र कमी जणांना ठाऊक असतो.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८९४ मध्ये कारभार त्यांच्या हाती आला. साधारण याच सुमारास धूरविरहित दारूमुळे वेगवान रायफली आल्या. त्यांचा फायदा काय? काळवीट उघड्या माळावर राहते, माणसाला जवळ येऊ देत नाही. सेकंदाला ४०० मीटर वेगाची गोळी २०० मीटरवर नळीच्या रेषेपासून सव्वा मीटर खाली येते. ८०० मीटर वेगाची जेमतेम ३१ सेंटीमीटर. (हवेचा रोध सोडून केलेले इंजिनीअरी गणित!) अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालते.

तरीही महाराजांनी चित्ते पाळले. काळवीट बैलगाडीला फारसे बुजत नाही. म्हणून डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून जवळ न्यायचा आणि टोपी काढून सोडायचा. कसब सगळे चित्तेवानाचे. पण पाळलेल्या चित्त्यांना सहसा पिल्ले होत नसत. प्रत्येक नवा चित्ता रानातून पकडावा लागे. देशातले चित्ते संपत आले तसे कोल्हापूर संस्थानाने पुढे आफ्रिकेतून मागवले.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे मुंबईत निधन झाले. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. संस्थानचे शिकारीचे रान असलेले दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झाले. काळविटाच्या शिकारीवर बंदी आली ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने.