ज्या शाहिराच्या मृत्यूनंतर आनंद पटवर्धन १४ वर्षं एकाच फिल्मवर काम करत राहिले, ते विलास घोगरे कोण होते?

जुईनगरहून हार्बरची लोकल पकडा. वाशीची खाडी ओलांडा, कुर्ल्याला उतरून सेंट्रलची स्लो गाडी घ्या. दुसरंच स्टेशन घाटकोपर. पूर्वेला बाहेर पडून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला आलात की तिथं आहे रमाबाई आंबेडकर नगर. त्याच लाईनवर पुढं गेलात की मुलुंड.

नवी मुंबईतून रोज हजारो लोक या रुटवरून कामाला जातात. विलास घोगरे नावाच्या शाहिराची गोष्टही याच दोन स्टेशनांच्या आसपास घडली.

घोगरे दलित समाजातले. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे. कवी, गायक आणि विचारानं मार्क्सवादी. आव्हान नाट्य मंच या डाव्या सांस्कृतिक पथकाचा त्यांचा आवाज मुंबईच्या वस्त्यांमध्ये ओळखीचा होता. लोकशाहीर संभाजी भगत हे याच पथकातले त्यांचे साथीदार.

आता नाट्य मंच म्हटलं की आपल्याला पडदा, तिकीट आणि तिसरी घंटा आठवते. इथं यातलं काहीच नव्हतं.

चाळीच्या पटांगणात, कारखान्याच्या गेटवर किंवा झोपडपट्टीच्या चौकात चारपाच जण उभे राहायचे. हातात डफ. लोक गोळा झाले की भोवती आपोआप रिंगण तयार व्हायचं आणि तेच रंगमंच. मधूनच गाणं, मधूनच नाटुकलं, मधूनच थेट बोलणं. शाहिरीत मुख्य गायकाच्या मागं धृपद उचलून धरणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. वस्तीतल्या कार्यक्रमात दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापर्यंत समोरची पब्लिकच झीलकरी व्हायची.

ही पद्धत महाराष्ट्रात जुनीच. सत्यशोधक जलसे, त्यानंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे आणि १९४४ नंतर अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक. घोगरे याच परंपरेतले.

गंमत बघा. तिकडं न्यूयॉर्कच्या लिव्हिंग थिएटरनं १९६८ मध्ये 'पॅराडाइज नाऊ' या प्रयोगात प्रेक्षकांना खुर्चीवरून उठवलं, नाटकात ओढलं आणि शेवटी रस्त्यावर नेलं. जगभर त्याची चर्चा झाली, त्यावर माहितीपट निघाले. प्रेक्षक आणि नट यांच्यातली भिंत पाडायची, हे तिथं बंड होतं. आपल्या वस्त्यांमध्ये मात्र ही भिंत कधी बांधलीच गेली नव्हती.

फरक इतकाच, की आपल्याकडं हे टिपायला फारसं कुणी कॅमेरा घेऊन जात नव्हतं.

कॅमेरा आला तो झोपड्या पडत होत्या तेव्हा

१९८१ च्या पावसाळ्यात अंतुले सरकारनं मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवायची मोहीम काढली. लोकांची घरं ऐन पावसात पाडली गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. हाच तो ओल्गा टेलिस खटला. १९८५ मध्ये निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे कोर्टानं मान्य केलं, पण रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवायला परवानगीही दिली.

याच काळात माहितीपटकार आनंद पटवर्धन पाडकामाच्या जागी शूटिंग करत होते. त्यातून १९८५ मध्ये 'हमारा शहर' आला. त्या फिल्ममध्ये घोगरे गाताना दिसतात. गाणं हिंदीत आहे, कारण मुंबईच्या झोपडपट्टीत राबणारा माणूस फक्त मराठी नव्हता. हे शहर ज्यांनी बांधलं त्यांनाच शहरात जागा नाही, हा फिल्मचा विषय. घोगऱ्यांना तो कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते स्वतः झोपडीत राहून गात होते.

फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घोगरे मात्र मुलुंडच्या त्याच झोपडीत राहिले.

पुढं एक गोष्ट घडली जी सहसा सांगितली जात नाही. ज्या संघटनेसाठी त्यांनी उमेदीची वर्षं गायली, त्या संघटनेनंच त्यांना काढून टाकलं. चळवळीच्या शिस्तीची गणितं वेगळी असतात आणि हातावर पोट असलेल्या कलाकाराची वेगळी. पथक सुटलं की शाहिराचं फक्त काम जात नाही. त्याचे झीलकरी जातात, रिंगण जातं.

११ जुलै १९९७

सकाळी रमाबाई नगरातल्या लोकांना दिसलं की वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातली आहे. लोक संतापून हायवेवर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि तिनं गोळीबार केला. १० जण ठार झाले, अनेक जखमी झाले.

जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असं सरकारी बाजूनं सांगण्यात आलं. पुढं न्या. गुंडेवार आयोग नेमला गेला. त्यानं गोळीबार असमर्थनीय ठरवला. तुकडीच्या प्रमुखाला २००९ मध्ये सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली, पण नंतर त्याला जामीन मिळाला.

आयोग आणि कोर्ट हे सगळं नंतरचं. त्या आठवड्यात वस्तीत फक्त शोक होता.

घोगरे पार हादरून गेले. ही त्यांचीच माणसं होती. अशाच वस्त्यांमध्ये ते आयुष्यभर गायले होते, अशाच लोकांनी त्यांचं धृपद उचललं होतं.

१५ जुलैला, गोळीबारानंतर चौथ्या दिवशी, विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात जीवन संपवलं. जाताना त्यांनी कपाळाला निळी पट्टी बांधली होती.

आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या माणसानं शेवटी निळा रंग का निवडला?

सगळ्या गरिबांचं दुःख एकच, वर्ग हीच खरी ओळख, असं मानणाऱ्या राजकारणात ते वाढले. पण रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली ती जातीमुळं आणि मेले ते दलित वस्तीतले लोक. लाल की निळा, हा वाद महाराष्ट्रातल्या चळवळीत कित्येक दशकं चालू आहे. पुस्तकं झाली, परिषदा झाल्या. घोगऱ्यांना मात्र तो वाद एकट्यानं सोसावा लागला. अशा मृत्यूचं एकच कारण सांगणं बरोबर नाही. त्यांची गरिबी होती, संघटनेनं तोडलेलं नातं होतं, डोळ्यांसमोरचा शोक होता. तरीही ती निळी पट्टी विसरता येत नाही.

मग सुरू झाली दुसरी फिल्म

पटवर्धन यांच्यासाठी घोगरे हे फिल्ममधलं एक पात्र नव्हते, मित्र होते. त्यांनी पुन्हा कॅमेरा उचलला. घोगरे का गेले, हे शोधता शोधता ते रमाबाई नगरात पोहोचले, खटल्याचा माग काढत राहिले, खैरलांजीपर्यंत गेले आणि शाहिरांना भेटत राहिले. पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण पोरं, शीतल साठे आणि तिचे साथीदार, याच शोधात त्यांना भेटली.

या शोधात १४ वर्षं गेली. २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाली. तीन तासांहून लांब. नावातच निळा आणि लाल एकत्र. तिच्यात 'हमारा शहर'च्या काळातले घोगरे पुन्हा गाताना दिसतात.

ही फिल्म फेस्टिव्हलपुरती राहिली नाही. ती वस्त्यांमध्ये, चाळींमध्ये उघड्यावर पडदा लावून दाखवली गेली. जिथं कधीकाळी डफ वाजला की रिंगण जमायचं, तिथं आता पडद्यासमोर लोक बसले. फिल्ममधले लोक आणि फिल्म बघणारे लोक एकाच वस्तीतले. समोर गाणं ओळखीचं, त्यामागचं दुःखही ओळखीचं.

कबीर कला मंचाच्या कलाकारांवर नक्षलवादाच्या आरोपाखाली गुन्हे दाखल झाले, ते भूमिगत झाले. २०१३ मध्ये शीतल साठे विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाली, तेव्हा घोगऱ्यांच्या पिढीला पडलेला प्रश्न पुन्हा समोर आला. लोकांसाठी गाणारा अडचणीत येतो, तेव्हा त्याच्यासाठी कोण उभं राहतं?

आपण शाहिराला टाळ्या देतो, शिट्ट्या देतो, आता लाईक आणि शेअरही देतो. पण रिंगण मोडल्यावर तो कुठं जातो, त्याच्या घरात चूल पेटते का, हे बघायला फार थोडे जण थांबतात. विलास घोगरे गेल्यावर एक माणूस कॅमेरा घेऊन १४ वर्षं थांबला, म्हणून आज त्यांचा आवाज तरी आपल्यापाशी उरला आहे.